भंगाराच्या पेटीतलं बेअरिंग

मोटरचं बेअरिंग गेलं की कारखान्यात एकच घाई असते, नवं बसवण्याची. लाइन थांबलेली, सुपरवायझर डोक्यावर उभा. फिटर पुलर लावून जुनं बेअरिंग ओढून काढतो आणि ते थेट भंगारात जातं. रजिस्टरमध्ये नोंद होते, 'बेअरिंग खराब, बदलले.' काही महिन्यांनी तीच मोटर आणि तीच नोंद.

आता तेच बेअरिंग कापून भिंगाखाली धरा. गोळ्या फिरतात त्या वाटेवर पन्हाळी पत्र्यासारख्या सारख्या अंतराच्या करड्या रेघा दिसल्या, तर ग्रीसवाल्याला उगाच बोल लावू नका. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमुळे शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, विद्युतदाब साचतो आणि बेअरिंगमधूनच अर्थिंगकडे वाट काढतो. ग्रीसच्या अतिशय पातळ थरातून ठिणगी उडते, तेवढ्या जागेपुरतं पोलाद क्षणभर वितळतं. असे असंख्य सूक्ष्म खड्डे पडत गेले की रेघा उमटतात. शाफ्टवरची वीज परस्पर अर्थिंगकडे नेणारी अर्थिंग रिंग किंवा वीज आरपार न जाऊ देणारं इन्सुलेटेड बेअरिंग बसवल्याशिवाय हे थांबत नाही. तोवर नुसतं महागडं बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

खड्डे बरोबर गोळ्यांच्या अंतरावर असतील आणि त्यांत तांबूस भुकटी असेल, तर प्रकार वेगळा. हे बेअरिंग बहुधा बंद असतानाच झिजलेलं असतं! स्टँडबाय, म्हणजे राखीव, पंप बंद असतो, पण शेजारचा चालू पंप त्याला सतत हादरे देतो. गोळी एकाच जागी घासत राहते आणि तिच्याखालचं ग्रीस बाजूला सरतं. 1930च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगं अशीच खराब होत. दोन्ही पंप आलटून पालटून चालवणं हा त्यावरचा बिनखर्ची इलाज.

टोयोटाचे ताइइची ओनो पाच वेळा 'का?' विचारायला सांगत. त्यांच्या उदाहरणात मशीन थांबतं, कारण फ्यूज उडालेला. तो उडाला कारण बेअरिंगला तेल कमी. तेल कमी, कारण पंप नीट ओढत नाही. पंपाचा शाफ्ट झिजलेला, आणि तो झिजला कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. पाच या आकड्यात विशेष काही नाही. आपल्याकडे मात्र दुसऱ्याच 'का'ला 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा' असं उत्तर येतं आणि फाइल बंद होते.

बेअरिंग काढण्याआधी बाहेरच्या रिंगची वरची बाजू मार्करने खुणावून ठेवावी. भार कुठल्या बाजूने पडत होता, मोटर आणि यंत्राचे शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट तिरकं होतं का, हे त्याशिवाय नंतर कळत नाही. आणि जुनं ग्रीस पुसू नये. आहे तसं बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर मोटर नंबर आणि तारीख टाकावी.