डिफरन्शियल ॲम्प्लिफायर चिपवरील इनपुटच्या मर्यादा कोठून आल्या?

डिफरन्शियल ॲम्प्लिफायर दोन तारांवरील व्होल्टेजमधला फरक तेवढा वाढवतो आणि दोन्ही तारांवर सारखेच असलेले व्होल्टेज, म्हणजे कॉमन-मोड व्होल्टेज, बाजूला टाकतो, असे शिकवले जाते. बाजूला टाकण्यापूर्वी ते चिपला सोसावे लागते, हे मात्र बहुतेकांना पहिली चिप जळाल्यावर उमगते. डेटाशीटमधले, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातले, इनपुटचे आकडे चिपच्या पहिल्या टप्प्यात कोणते ट्रान्झिस्टर कसे जोडले आहेत यावर ठरतात.

मूळ कल्पना निर्वात नळ्यांच्या काळातली. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३६ मध्ये इंग्लंडात ज्या मंडलासाठी पेटंट अर्ज केला, त्यात दोन नळ्यांचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी टोके) एकत्र करून एका मोठ्या रेझिस्टरला जोडलेले होते. त्या रेझिस्टरमुळे 'लांब शेपटीची जोडी' हे काहीसे गमतीचे नाव रूढ झाले. १९५० च्या दशकातला फिलब्रिक यांचा के२-डब्ल्यू हा नळ्यांचा ऑप-ॲम्प (ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, ज्याचा पहिला टप्पा अशीच जोडी असते) ±३०० व्होल्टच्या सप्लायवर चालत असे आणि त्याच्या इनपुटला ±५० व्होल्ट सहज चालत. सिलिकॉनवर ही चैन संपली.

फेअरचाइल्ड या चिप कंपनीत बॉब विडलर यांनी घडवलेली ७०९ ही ऑप-ॲम्प चिप १९६५ मध्ये आली. तिच्या प्रत्येक इनपुटची मर्यादा ±१० व्होल्ट होती, पण दोन इनपुटमधला फरक मात्र ±५ व्होल्टच्या पुढे नेता येत नसे. कारण एनपीएन या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर जंक्शन (त्याच्या दोन टोकांमधला सांधा) उलट दिशेने साधारण ६-७ व्होल्टलाच ब्रेकडाउनमध्ये जाते, म्हणजे रोखायची ती वीज वाहू देते, आणि फरक वाढला की जोडीतल्या एका ट्रान्झिस्टरवर नेमकी हीच वेळ येते. असे वारंवार घडले, तर चिप चालत राहते, पण त्या ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) घटतो आणि नॉइझ (नको असलेली विद्युत खरखर) वाढतो. असा दोष शोधणे जळालेली चिप शोधण्यापेक्षा अवघड. १९६८ च्या ७४१ मध्ये एनपीएनच्या पाठीशी उलट ध्रुवतेचे, लॅटरल (आडव्या रचनेचे) पीएनपी ट्रान्झिस्टर आले. त्यांचे तेच जंक्शन कितीतरी जास्त उलट व्होल्टेज सोसते, त्यामुळे फरकाची मर्यादा एकदम ±३० व्होल्टवर गेली.

ही सुधारणा सरळ रेषेत पुढे गेली, असे मात्र नाही. कमी नॉइझसाठी ओपी२७ सारख्या चिपमध्ये पुन्हा उघडी एनपीएन जोडी घेतली गेली आणि तिच्या रक्षणासाठी दोन इनपुटमध्ये उलटसुलट डायोड घातले गेले. डायोड सुमारे ०.७ व्होल्टला वाहू लागतो, त्यामुळे साहजिकच तिथे फरकाची मर्यादा जेमतेम ±०.७ व्होल्ट उरली.

१९७० च्या दशकातल्या एलएम३२४ ने इनपुट टप्प्यात पीएनपी घेऊन इनपुट थेट ग्राउंडपर्यंत नेण्याची सोय केली, आणि त्याबदल्यात वरच्या बाजूचे सुमारे दीड व्होल्ट सोडून दिले. म्हणून ५ व्होल्टच्या सप्लायवर दोन्ही इनपुट ४ व्होल्टवर गेले, की चिप शाबूत असूनही तिच्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. उलट, इनपुट ग्राउंडखाली ०.३ व्होल्टहून अधिक गेले, तर आतले जंक्शन डायोडसारखे वाहू लागते आणि आउटपुट उलट वरच्या सप्लायकडे उडी मारू शकते. चिप योग्य काम करते ती मर्यादा आणि चिप जिवंत राहते ती मर्यादा डेटाशीटमध्ये वेगवेगळ्या तक्त्यांत छापतात, ते यासाठीच.

बर-ब्राउन कंपनीच्या आयएनए११७ या डिफरन्शियल ॲम्प्लिफायर चिपने प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. आतल्या ऑप-ॲम्पची सहनशक्ती वाढवण्याऐवजी चिपवरच्याच अचूक रेझिस्टरांनी इनपुट २० पटींनी विभागले. बाहेर २०० व्होल्ट असले, तरी आतल्या ऑप-ॲम्पच्या इनपुटपर्यंत १० व्होल्टच पोहोचतात आणि ±१५ व्होल्टच्या सप्लायवर ±२०० व्होल्ट कॉमन-मोड मोजता येते. मात्र विभागलेला फरक पुन्हा मूळ मापावर आणताना आतल्या ऑप-ॲम्पचा ऑफसेट (फरक शून्य असतानाही दिसणारे चुकीचे व्होल्टेज) आणि नॉइझही २० पटींनी वाढतो. त्यामुळे ज्या सर्किटमध्ये कॉमन-मोड १० व्होल्टच्या आतच राहते, तिथे ही चिप घालणे म्हणजे अचूकता विनाकारण घालवणे होय.