डच मुद्राचित्रांतील ग्रामजीवन

सतराव्या शतकात हॉलंडमधील चित्रकारांनी खेडी, वाळूच्या टेकड्या, कालवे आणि शेतकऱ्यांची घरे तांब्याच्या पत्र्यावर रेखून त्यांची मुद्राचित्रे छापली. त्यांतून तेथील ग्रामजीवन दिसते खरे, पण ते बहुतांशी शहरातून फेरफटक्याला निघालेल्या माणसाच्या नजरेतून दिसते.

या प्रकाराची पायवाट आजच्या बेल्जियममधील अँटवर्प शहरात पडली. तेथील प्रकाशक हिएरोनिमस कॉक याने १५५९ व १५६१ मध्ये त्या शहराभोवतालच्या ब्राबांत प्रांतातील साध्या वाड्यावस्त्यांची चित्रमालिका काढली. तिचा मूळ चित्रकार कोण, हे आजही निश्चित नाही. १६१२ मध्ये मुद्राचित्रकार व प्रकाशक क्लास यान्स फिस्खर याने तिच्यातील निवडक चित्रे ॲमस्टरडॅममध्ये सोळाव्या शतकातील ख्यातनाम चित्रकार पीटर ब्रॉइगल याची म्हणून पुन्हा प्रसिद्ध केली. त्याच सुमारास त्याने हॉलंडमधील हार्लेम शहराच्या परिसराची स्वतःची मालिका काढली आणि दूरच्या प्रवासाला सवड नसलेल्या रसिकांसाठी ती असल्याचे आरंभीच सांगितले. तीत खाणावळ आहे, पडका वाडा आहे आणि कापड उन्हात पसरून पांढरे करण्याची मैदानेही आहेत. स्पेनशी चाललेल्या युद्धात १६०९ ते १६२१ या काळात तह असल्याने वेशीबाहेर निर्धास्त हिंडता येत होते. बेम्स्टर हे विस्तीर्ण सरोवर पवनचक्क्यांनी उपसून १६१२ मध्येच लागवडीखाली आणले गेले, तरी अशी आखीव नवी शेते या चित्रांत क्वचितच आढळतात. चित्रकारांचा ओढा मोडकळीस आलेल्या झोपड्यांकडेच अधिक होता.

पत्र्यावरील मेणाच्या थरात सुईने रेघा ओढून त्या आम्लाने खोल करण्याच्या पद्धतीमुळे कागदावरच्या रेखाटनाची मोकळीक मुद्राचित्रात आली. तिचा पुरेपूर उपयोग रेम्ब्रँटने केला. त्याने १६४१ मध्ये रेखलेली पवनचक्की अस्सल खेड्यातली वाटते, पण ती ॲमस्टरडॅमच्या तटावर उभी होती. कातडे मऊ करण्यासाठी तेथे वापरल्या जाणाऱ्या माशाच्या तेलाच्या दुर्गंधीवरून लोकांनी तिला नावही ठेवले होते. १६४३ च्या ‘तीन झाडे’ या चित्रात उजवीकडच्या दाट झुडपात दडलेले प्रेमी युगुल निरखून पाहिल्याशिवाय सापडत नाही, तर डावीकडे मासे धरणारा माणूस आपल्या कामात गढलेला आहे.

प्रत्यक्ष शेतकरी कुटुंब जवळून दाखवले ते आड्रियान फान ओस्टाडे याने. त्याच्या सुमारे पन्नास मुद्राचित्रांत अंधारे कोठार, डुक्कर कापण्याची लगबग आणि दारात रेंगाळणारी मुले आढळतात. त्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या पत्र्यांवरून प्रती छापल्या जात राहिल्या.