सैनिकाला संसार कधी मिळाला?

नव्वदी ओलांडलेला एखादा माजी सैनिक गेला की त्याच्यावरच्या मृत्युलेखात युद्धाला फार तर तीन-चार ओळी मिळतात. कुठल्या तुकडीत होता, कुठल्या आघाडीवर लढला, परत कधी आला. पुढचा सगळा मजकूर घराचा असतो: लग्न, नोकरी, मुलं, नातवंडं-पतवंडं, बागकामाची नाहीतर सुतारकामाची आवड. ‘लढवय्या’ आणि ‘कुटुंबवत्सल’ ही दोन विशेषणं शेजारी शेजारी आलेली पाहून कुणाला नवल वाटत नाही. लष्करांच्या इतिहासात मात्र हे शेजारपण बरंच अलीकडचं आहे. फार मोठा काळ सैन्याचा पवित्रा असा होता की गड्याने शिपाईगिरी करावी, नाहीतर संसार.

रोमपासून सुरुवात करावी लागते, कारण निवृत्त सैनिकाचं पुढे काय करायचं याचा पद्धतशीर विचार तिथे झाला. ऑगस्टसच्या आधी निवृत्त शिपायांना जमिनी देण्याची जबाबदारी त्यांच्या सेनापतीवर असे, आणि म्हणून शिपाई राज्याऐवजी सेनापतीशी इमान राखत. यादवी युद्धं त्यातूनच पेटत राहिली. ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उघडला, त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स (रोमची नाणी) घातले आणि पुढच्या सोयीसाठी वारसा हक्कावर ५ टक्के कर बसवला. श्रीमंतांनी बरीच कुरकुर केली, पण कर टिकला. लीजनमधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य फौजेतल्या, साध्या शिपायाला निवृत्तीच्या वेळी १२,००० सेस्टर्स मिळत, म्हणजे साधारण तेरा वर्षांचा पगार.

याच व्यवस्थेत नोकरीत असलेल्या शिपायाला कायदेशीर लग्न करायची मात्र मनाई होती. छावणीच्या बाहेर बायका-मुलं असत, वर्षानुवर्षं असत, पण कायद्याच्या लेखी ती कुणीच नव्हती. बाप मेला तर मुलांचा वारसा हक्क लटका पडे. इ.स. ११९ मध्ये सम्राट हेड्रियनने इजिप्तच्या सुभेदाराला पत्र लिहून अशा मुलांना बापाच्या मालमत्तेवर दावा सांगायची मुभा दिली. शिपायांना बायकोसोबत राहायची परवानगी मिळायला सेप्टिमियस सेव्हेरसचा काळ, म्हणजे इ.स. १९७ च्या आसपासचा सुमार, उजाडावा लागला. परक्या मुलखातून भरती झालेल्या साहाय्यक पथकांतल्या शिपायाला २५ वर्षांच्या चाकरीनंतर ब्राँझच्या दोन पत्र्यांवर कोरलेला दाखला मिळे. त्यावर सात साक्षीदारांची नावं असत. त्या दाखल्याने त्याला रोमचं नागरिकत्व आणि त्याच्या विवाहाला मान्यता मिळायची. सुरुवातीच्या काळात मुलांनाही नागरिकत्व मिळायचं. म्हणजे पंचवीस वर्षं तलवार धरल्यावर सरकार म्हणणार, आता तुझी बायको ही तुझी बायको.

कायदा काहीही म्हणो, थडग्यांवरचे दगड वेगळी गोष्ट सांगतात. किती वर्षं जगला, किती वर्षं चाकरी केली आणि दगड कुणी उभा केला, एवढंच बहुतेकदा त्यावर कोरलेलं असतं. दगड उभा करणारी अनेकदा ‘पत्नी’ असते, जी कायद्याने पत्नी नव्हतीच. आजच्या मृत्युलेखाचा साचा याहून फारसा वेगळा नाही.

मधली हजारेक वर्षं ओलांडायला हरकत नाही. फौजा जमवल्या जात, मोडल्या जात, आणि लंगडा म्हातारा शिपाई देवळाच्या नाहीतर चर्चच्या दारात भीक मागत बसे. कायमस्वरूपी फौजा आल्यावर हे दृश्य राजांना नडू लागलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसला जखमी-म्हाताऱ्या सैनिकांसाठी ‘इनव्हॅलिड्स’ हे निवासस्थान बांधायचा हुकूम काढला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये लंडनला चेल्सी इथे अशाच सैनिक-निवासाची स्थापना केली आणि १६९२ मध्ये तिथे पहिले पेन्शनर राहायला आले. लाल कोट घातलेले हे आजोबा आजही दिसतात, २००९ पासून त्यांच्यात आज्याही आहेत. तिथे राहायला येणाऱ्याची एक अट लक्षात घेण्याजोगी आहे: त्याच्यावर अवलंबून असलेला जोडीदार किंवा कुटुंब नसावं. ज्याचं घर उरलं नाही त्याला सैन्य घर देतं, असा तो हिशेब.

घर असलेल्यांची अवस्था बिकट होती. ब्रिटिश सैन्यात लग्नाला कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे. मोहिमेवर जाताना शंभर शिपायांमागे साधारण सहा बायकांना जहाजावर जागा मिळे आणि त्या सहा कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. उरलेल्या धक्क्यावरच राहत, हातात पैसा नाही, नवरा परत येईल की नाही याचा पत्ता नाही. पराक्रमाच्या कथा भरपूर छापल्या गेल्या. या धक्क्यावर राहिलेल्यांची नोंद मात्र तुटक आहे.

कुटुंबाची जबाबदारी राज्याने अंगावर घेणं खऱ्या अर्थाने वाढलं ते अमेरिकी यादवी युद्धात. १८६२ च्या कायद्याने मेलेल्या सैनिकांच्या विधवा आणि मुलांना पेन्शन मिळू लागली. १८९० मध्ये अटी आणखी सैल झाल्या आणि थोड्याच वर्षांत संघराज्याच्या खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा पेन्शनवर जाऊ लागला. या कायद्यांचा धागा किती लांब गेला त्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे मोझ ट्रिपलेट. जन्म १८४६. आधी दक्षिणेच्या फौजेत होता, तिथून पळाला आणि पुढे उत्तरेच्या बाजूने लढला. हा पळच त्याच्या घराला तारून गेला, कारण संघराज्याची पेन्शन उत्तरेच्या सैनिकांनाच होती. १९२४ मध्ये त्याने आपल्याहून जवळजवळ पन्नास वर्षांनी लहान बाईशी दुसरं लग्न केलं. १९३० मध्ये मुलगी झाली, आयरीन. बाप १९३८ मध्ये गेला. आयरीनला अपंगत्वामुळे महिना ७३.१३ डॉलर पेन्शन मिळत राहिली, ती थेट २०२० मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिचं निधन होईपर्यंत. १८६५ मध्ये संपलेल्या युद्धाचा पैसा १५५ वर्षांनंतरही एका घरात जात होता. सरकारी खात्यात युद्ध कधी संपतं, याचं उत्तर तहाच्या तारखेत शोधू नये.

पहिल्या महायुद्धातले शेवटचे सैनिक एकविसाव्या शतकात एकेक करून गेले, तेव्हा मृत्युलेखांची आणखी एक बाजू दिसली. हॅरी पॅच हा इंग्रज प्लंबर २००९ मध्ये १११ व्या वर्षी वारला. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर तो १९१७ मध्ये जेमतेम चार महिने होता. पॅशनडेलच्या लढाईत एका स्फोटात त्याचे तीन मित्र गेले आणि तो स्वतः जखमी झाला. पुढची ऐंशी वर्षं या विषयावर तो गप्प राहिला. बायकोशी त्याचा संसार जवळपास साठ वर्षं चालला, पण युद्धाबद्दल तो जाहीरपणे बोलला ते १९९८ मध्ये, शंभरीला टेकल्यावर. त्या युद्धात प्रत्यक्ष लढलेला जगातला शेवटचा माणूस, क्लॉड चूल्स, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ११० व्या वर्षी गेला. नौदलात दोन्ही महायुद्धं पाहिलेल्या या गृहस्थाला युद्धाचा गौरव मान्य नव्हता, आणि अँझॅक दिनाच्या (ऑस्ट्रेलियातल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) संचलनापासून तो दूर राहायचा. ज्या बाईशी ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजावर ओळख झाली तिच्याशी त्याचा संसार ७६ वर्षं चालला. दोघांच्याही नावापुढे जगाने ‘शेवटचा सैनिक’ लिहिलं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी दुसरं काहीतरी लिहायला सांगितलं असतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीच्या मृत्युलेखांत घर एवढं ठळक का दिसतं, याचं एक कारण कायद्यातही आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्यावर सोळा दिवसांनी, २२ जून १९४४ ला, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जी.आय. बिला’वर, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्यावर, सही केली. परतणाऱ्या सैनिकाला शिक्षणाची फी, राहण्याचा भत्ता, घरासाठी सरकारी हमीचं कर्ज, बेकारीत वर्षभर आठवड्याला वीस डॉलर. शिकणाऱ्या एकट्या सैनिकाला महिना ५० डॉलर भत्ता होता आणि बायको किंवा इतर आश्रित असतील तर ७५. ज्या संसारावर रोमने बंदी घातली होती, त्याच संसारासाठी आता सैनिकाला जास्त पैसे मिळत होते. १९५६ पर्यंत ७८ लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला. कॉलेज, नोकरी, उपनगरातलं घर, तीन-चार मुलं हा जो साचा त्या मृत्युलेखांत पुन्हा पुन्हा येतो तो बऱ्याच अंशी इथून आला. तो सगळ्यांच्या वाट्याला आला नाही, हेही सांगायला हवं. कर्ज द्यायचं बँकांच्या हातात होतं आणि बँका कृष्णवर्णीयांना दारातूनच परत पाठवत. १९४७ मध्ये मिसिसिपीत अशी ३,२२९ कर्जं दिली गेल्याची नोंद आहे. त्यातली कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली फक्त दोन.

भारतात चित्र वेगळं राहिलं. त्या युद्धात पंचवीस लाखांहून अधिक भारतीय सैन्यात होते, सगळे स्वेच्छेने भरती झालेले. युद्ध संपलं आणि त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवण्यात आलं. सेवेची वर्षं कमी भरली म्हणून पेन्शन नाही. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी हयात असलेल्यांना आणि त्यांच्या विधवांना मासिक मदत सुरू केली. आजच्या जवानाच्या घरचे लोक ज्या शब्दांशी झगडतात ते म्हणजे डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या घरातल्या बदलांची लष्करी दप्तरातली नोंद) आणि दर वर्षीचा हयातीचा दाखला. लग्न झालं, मूल झालं, की त्याची पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. ती राहून गेली, किंवा बायकोच्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर एक असलं, तर नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी म्हातारीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. साठ वर्षं एका छपराखाली काढल्याचा पुरावा पुन्हा कागदावरच मागितला जातो.

अंत्यविधीतही कुटुंबाला जागा उशिराच मिळाली. अमेरिकेत २००० सालापासून प्रत्येक पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी पाठवणं, ध्वजाची घडी करून तो घरच्यांच्या हाती देणं आणि ‘टॅप्स’ची धून वाजवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या सुमाराला दुसऱ्या महायुद्धातले हजारावर सैनिक रोज जात होते आणि बिगुल वाजवणारे तितके उरलेच नव्हते. शेवटी २००३ मध्ये आत इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलेला बिगुल आला: सैनिकाने तो नुसता ओठांना लावायचा, चोवीस स्वरांची धून आपोआप वाजते.

आणि मृत्युलेखात लढाईचा मजकूर इतका त्रोटक असण्यामागे कधी कधी अगदी साधं कारण असतं, ते म्हणजे नोंदच जळालेली असते. १२ जुलै १९७३ ला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या सैनिकी नोंदींच्या कार्यालयाला लागलेल्या आगीत एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात अमेरिकी लष्करातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांच्या. तेव्हापासून अशा सैनिकाच्या सेवेचा तपशील जुळवताना कर्मचारी पगाराची जुनी व्हाउचरं धुंडाळतात, आणि घरच्यांना विचारतात, तुमच्याकडे काही कागद आहे का.