राजचिन्हांची छाप : नाशिक

ध्वज, नाणे, नोट, टपाल तिकीट किंवा सरकारी मुद्रा यांवर सत्तेने उमटवलेली खूण म्हणजे राजचिन्ह. अशी खूण कोऱ्या जागेवर क्वचितच उमटते. बहुतेक वेळा तिथे आधीच्या कोणाची तरी खूण असते. ती पुसायची, झाकायची की तिच्यावरच आपला ठसा मारायचा, हे ज्याचे त्याचे राज्य ठरवते, आणि चिन्हाचा निम्मा अर्थ त्या निवडीतच असतो. नाशिक परिसरात याचे पुरावे जवळजवळ दोन हजार वर्षांच्या अंतराने दोनदा सापडतात: एकदा चांदीच्या नाण्यांवर आणि एकदा छापखान्याच्या कागदावर.

जोगळटेंभीची नाणी. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती मुळात क्षहरात वंशातील क्षत्रप राजा नहपान याची. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा, मागे बाण आणि वज्र, आणि कडेने ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांतील अक्षरे. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला ठसा मारला आहे. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर (काही अभ्यासक त्याला चैत्य म्हणतात) व भोवती त्याचे नाव; दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या (+) खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे.

हरलेल्या राजाची नाणी वितळवून नवी पाडता आली असती. इथे तसे झालेले नाही. अनेक नाण्यांवर डोंगराच्या ठशाखालून नहपानाचे नाक, हनुवटी किंवा लिपीची काही अक्षरे अजून दिसतात. वेळ व खर्च वाचला, हे कारण असेलच. पण बाजारात ते नाणे ज्याच्या हाती पडे त्याला दोन्ही राजे दिसत, आणि वर कोण आहे तेही दिसे. कोरे करकरीत नाणे इतके बोलके झाले नसते.

हाच सत्ताबदल पांडवलेणीच्या, म्हणजे त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांच्या, शिलालेखांतही वाचता येतो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची नोंद आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षातील आज्ञा आहे: पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत आता भिक्षूंना दिले. त्याच लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटले आहे. नाण्यावर जे ठशाने सांगितले, तेच इथे अक्षरांनी.

चक्र. तिसऱ्या लेण्याच्या दारावर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र ही तीन चिन्हे कोरलेली असून त्यांच्यापाशी उपासक दाखवले आहेत. बुद्धाची मूर्ती घडवण्याऐवजी त्याच्या खुणांना वंदन करण्याची ही जुनी रीत. त्यांतले चक्र म्हणजे धम्माचे प्रवर्तन. सम्राट अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्रही याच परंपरेतले, आणि २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तेच राष्ट्रध्वजासाठी स्वीकारले. त्याआधीच्या, काँग्रेसच्या तिरंगी ध्वजावर चरखा होता. कापडाच्या मागच्या बाजूने पाहिले की तो उलटा दिसे. चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच. कारण इतके साधे होते, तरी चक्र येताच अर्थ पालटला. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी सभेत त्याचा अर्थ गती असा सांगितला. केशरी रंग त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा व सत्याच्या वाटेचा, हिरवा मातीशी व वनस्पतींशी असलेल्या नात्याचा, असे त्यांचे विवरण. रंग धर्मांना वाटून देण्याची सवय आजही सुटलेली नाही, म्हणून हे विवरण शाळाशाळांत मुद्दाम वाचायला हवे.

ध्वजाच्या लांबी-उंचीचे प्रमाण ३:२. चक्र गडद निळे. वापराचे नियम २००२ च्या ध्वजसंहितेत आहेत आणि अवमानाबद्दलची शिक्षा १९७१ च्या कायद्यात.

राजमुद्रा. सारनाथच्या स्तंभशीर्षावर पाठीला पाठ लावून चार सिंह आहेत. सपाट चित्रात तीनच दिसतात. खालच्या पट्टीवर मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. मूळ शिल्पातील घंटेच्या आकाराचे उलटे कमळ राजमुद्रेत घेतलेले नाही. खाली देवनागरीत मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’. हे वाक्य सजावटीपुरते नाही, तो मुद्रेचाच भाग आहे. ही मुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारली गेली. तिचा गैरवापर २००५ च्या कायद्याने रोखला आहे.

सिंहस्थाचा ध्वज. नाशिककरांच्या बोलण्यात ‘ध्वजारोहण’ म्हटले की पंधरा ऑगस्टइतकाच सिंहस्थ कुंभमेळा आठवतो. गुरू सिंह राशीत आला की रामकुंडावर व त्र्यंबकेश्वरी ध्वज चढतो आणि पर्वाला आरंभ होतो. गेल्या खेपेस तो दिवस १४ जुलै २०१५ हा होता. वैष्णवांचे आखाडे नाशिकला, शैव संन्याशांचे त्र्यंबकला. वैष्णवांच्या निर्वाणी, दिगंबर व निर्मोही या तिन्ही अनींच्या (आखाड्यांच्या गटांच्या) ध्वजांवर हनुमान असतो. हे ध्वज राज्याचे नाहीत. आखाड्याचा मान, शाहीस्नानातला त्याचा क्रम आणि छावणीची जागा त्यांवरून ओळखली जाते. ध्वज उभा राहिला, की आखाडा आला असे समजावे.

नाशिकरोडची प्रेस. शहरात कोणी ‘प्रेसमध्ये आहे’ म्हणाले, तर वर्तमानपत्र कोणाच्या मनात येत नाही. भारत प्रतिभूति मुद्रणालय १९२५ साली नाशिकरोडला सुरू झाले. त्याआधी भारताची टपाल तिकिटे लंडनला छापली जात. १९२८ पासून शेजारच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात नोटाही छापल्या जाऊ लागल्या. आज दोन्ही भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाचा भाग आहेत. पासपोर्ट, मुद्रांक, तिकिटे, नोटा: सामान्य माणसाच्या हाती राजमुद्रा येते ती बहुधा याच कागदांवरून, आणि त्यांतले पुष्कळसे कागद इथल्या कामगारांच्या हातांतून गेलेले असतात.

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, साडेतीन आण्यांचे, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर फडकता तिरंगा आणि ‘जय हिंद’. ते परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी होते, म्हणजे नव्या ध्वजाची ओळख आधी बाहेरच्या जगाला झाली. अशोकाचे सिंह असलेले दीड आण्याचे तिकीट १५ डिसेंबरला आले. ते देशातल्या पत्रांसाठी. नोटेला अधिक वेळ लागला. ब्रिटिश राजाच्या चेहऱ्याच्या जागी महात्मा गांधींचा चेहरा घ्यावा, असा विचार आधी झाला होता आणि तशी चित्रेही तयार झाली होती. शेवटी एकमत सिंहांवर झाले. १९४९ ची एक रुपयाची नोट ही त्या नव्या रूपाची पहिली. तिच्या जलचिन्हातही (वॉटरमार्कमध्ये) सिंहच आले.

याच दिवसांत याच प्रेसमध्ये दुसरेही एक काम चालू होते. पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटे नव्हती. म्हणून सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर नाशिकला ‘पाकिस्तान’ हा शब्द छापून ती पाठवण्यात आली, आणि १ ऑक्टोबर १९४७ पासून ती तिकडे विक्रीस आली. १९४८ मध्ये भारतीय नोटांवरही इंग्रजीत व उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ अशा अर्थाची अक्षरे इथेच चढवली गेली. ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ हा त्यातला उर्दू मजकूर. फाळणीने दोन तुकडे झालेल्या देशाची चिन्हे एकाच आवारात, एकाच कामगारांच्या हातून तयार होत होती. राजाचा चेहरा तोच राहिला, वर नाव बदलले. नहपानाच्या नाण्यांवर जे झाले त्याच रीतीचे हे काम, फरक एवढाच की इथे ठसा जिंकणाऱ्याचा नव्हता, वेगळे झालेल्या शेजाऱ्याचा होता. पाकिस्तानातील टपाल कचेऱ्यांनी त्या काळात रबरी शिक्क्यांनीही बरीच तिकिटे छापून घेतली. त्यांची अक्षरे वाकडीतिकडी असतात; यंत्राने एकसारखी छापलेली तिकिटे संग्राहक आजही ‘नाशिक छाप’ म्हणून वेगळी ठेवतात.