पिरांदेल्लो, लुईजी

(२८ जून १८६७ – १० डिसेंबर १९३६). इटालियन नाटककार, कादंबरीकार व कथाकार. १९३४ च्या साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी. जन्म सिसिलीतील जिर्जेंती (सध्याचे आग्रिजेंतो) शहराजवळ काओस येथे. वडील गंधकाच्या खाणींच्या व्यवसायात होते. पालेर्मो व रोम येथे शिकून तो जर्मनीतील बॉन विद्यापीठात गेला आणि जिर्जेंतीच्या बोलीतील ध्वनींवर प्रबंध लिहून त्याने १८९१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. सुरुवातीच्या कविता आज अभ्यासकांपुरत्याच उरल्या आहेत. रोममध्ये लुईजी कापुआना या सिसिलीच्याच लेखकाने त्याला कथा-कादंबरीकडे वळवले.

१८९४ मध्ये वडिलांच्या भागीदाराची मुलगी आंतोनिएत्ता पोर्तुलानो हिच्याशी त्याचे लग्न झाले. १९०३ मध्ये खाणीत पाणी शिरले. घरचे भांडवल गेले आणि त्यात गुंतवलेला आंतोनिएत्ताचा हुंडाही गेला. त्या धक्क्यातून ती सावरलीच नाही. नवरा मुलींच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवायला जाई आणि घरी ती संशयाने पेटलेली असे. १९१९ मध्ये अखेर तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पिरांदेल्लोला तत्त्वचिंतक नाटककार म्हणण्याचा प्रघात आहे. पण तिच्या मनातला दगाबाज नवरा होऊन त्याने घरात काढलेली वर्षे बाजूला ठेवली, तर ते चिंतन नुसतीच बौद्धिक कसरत वाटू लागते.

‘दिवंगत मात्तिआ पास्काल’ (१९०४) या कादंबरीने त्याला नाव मिळवून दिले. संसाराला विटून पळालेला एक ग्रंथपाल माँटे कार्लोच्या जुगारात घबाड मिळवतो. परतीच्या वाटेवर तो वर्तमानपत्रात स्वतःच्याच मृत्यूची बातमी वाचतो : गावात सापडलेले प्रेत त्याचेच म्हणून ओळखले गेलेले असते. नवे नाव घेऊन तो रोममध्ये राहू लागतो. पण कागदोपत्री नसलेल्या माणसाला ना चोरीची तक्रार करता येते, ना लग्न. गावी परततो, तर बायकोने दुसरे घर केलेले. उरते ती स्वतःच्या थडग्यावर अधूनमधून फुले वाहण्याची सोय.

‘विनोद’ (१९०८) या प्रबंधात त्याने या वृत्तीची मांडणी केली. कलप लावलेली, तोंड रंगवलेली, तरुणीसारखे कपडे घातलेली म्हातारी पाहून आधी हसू येते. पण वयाने लहान असलेल्या नवऱ्याचे प्रेम टिकावे म्हणून तिचा हा आटापिटा असेल, हे सुचले की हसणे अवघड होते. पिरांदेल्लोच्या मते खरा विनोद इथे सुरू होतो.

नाटकांकडे तो पन्नाशीच्या सुमारास पूर्ण वळला. ‘लिओला’ (१९१६) हे सिसिलियन बोलीतले रांगडे, खेळकर नाटक. ‘तुम्हाला वाटते तसे’ (१९१७) मध्ये जावई आणि सासू एकमेकांना वेडे ठरवतात. खरे कोण हे ठरवणारी कागदपत्रे भूकंपात नष्ट झालेली असतात. ‘लेखकाच्या शोधात सहा पात्रे’मध्ये दुसऱ्याच एका नाटकाची तालीम चालू असताना लेखकाने अर्धवट सोडलेले एक कुटुंब रंगमंचावर येते आणि आमची गोष्ट करा म्हणते. नटांनी ती करून दाखवली की पात्रांना स्वतःची ओळखच पटत नाही. मे १९२१ मध्ये रोमच्या व्हाल्ले नाट्यगृहात पहिल्या प्रयोगाला ‘वेड्यांचे इस्पितळ!’ असा ओरडा झाला आणि लेखकाला मुलीसह बाजूच्या दाराने निघावे लागले. त्याच वर्षी मिलानमध्ये मात्र हे नाटक गाजले. १९२३ मध्ये पॅरिसला दिग्दर्शक पितोएफने ही पात्रे चक्क लिफ्टमधून रंगमंचावर उतरवली. ‘चौथा हेन्री’ (१९२२) हे नाट्यरचना म्हणून त्याहून घट्ट विणीचे आहे.

१९२४ मध्ये, समाजवादी नेते मात्तेओत्ती यांच्या खुनाने देश हादरलेला असतानाच, त्याने फॅसिस्ट पक्षाचे सदस्यत्व मागितले. पुढच्या वर्षी रोममध्ये उभारलेल्या त्याच्या नाट्यसंस्थेला सरकारी मदतही मिळाली. मुखवट्यांवर इतके लिहिणाऱ्याने हे करावे, याचा उलगडा चरित्रकारांनी अनेक परींनी केला आहे. पटणारा एकही नाही. मार्ता आब्बा ही या संस्थेची प्रमुख अभिनेत्री. पुढची बरीच नाटके त्याने तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. ‘पर्वतावरील राक्षस’ हे शेवटचे नाटक अपुरे राहिले.

वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक याप्रमाणे ३६५ कथा लिहिण्याचा त्याचा संकल्प होता. त्यातल्या दोनशेहून अधिक लिहून झाल्या. खाणकामगार, शेतकरी, कारकून यांच्या या कथा नाटकांइतक्या चर्चिल्या जात नाहीत, पण अनेक नाटकांचे बीज त्यांतच आहे. ताव्हियानी बंधूंचा ‘काओस’ (१९८४) हा चित्रपट यांतल्याच काही कथांवर बेतलेला आहे.