हब मोटर की मिड-ड्राइव्ह: सायकलचे गियर नक्की कोणाच्या कामाचे?

"सात गियर आहेत, पणजीची आल्तिनो टेकडी आरामात चढेल." ई-सायकल घेताना दुकानदार हेच सांगतो, आधी घेतलेला शेजारीही हेच सांगतो, आणि हब मोटर असेल तर ते साफ चुकीचं आहे.

हब मोटर सगळ्यांनी बघितलेली असते, मागच्या चाकाच्या मधोमध बसलेला जाड डबा. मिड-ड्राइव्ह पेडलपाशी, क्रँकवर, म्हणजे पेडलचे दांडे जोडलेले असतात तिथे बसते. खरा फरक जागेचा नाही, जोर कुठून जातो त्याचा आहे. मिड-ड्राइव्हचा जोर चेनमधून, मागच्या गियरमधून चाकाला जातो आणि हबचा थेट चाकाला, म्हणजे हबवाल्या सायकलचा गियर एक नंबरवर टाकला की फक्त तुमचे पाय हलके होतात, मोटरला त्याचा पत्ताही नसतो.

हिशेब करून बघा. 26 इंची चाक ताशी 25 किमीला मिनिटाला साधारण 200 फेरे घेतं, आणि हब मोटर त्याच बेताने बनवलेली असते. चढणीवर स्पीड 8 वर आला की फेरे 65 च्या आसपास, मोटर जवळजवळ अडकल्यासारखी फिरते, करंट मात्र कंट्रोलर (मोटरला वीज मोजून सोडणारा भाग) देईल तेवढा ओढते आणि त्यातला बराचसा नुसता तापण्यात जातो. मिड-ड्राइव्हला तीच चढण द्या आणि गियर खाली टाका, चाक हळू फिरतं पण मोटर तिच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते, म्हणून ती चढते.

न्यूटन-मीटरच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या आकड्याचाही असाच घोळ. हब 40, मिड-ड्राइव्ह 85, म्हणजे दुप्पट ताकद? अहो, 40 चाकावरचा आहे आणि 85 क्रँकवरचा! पुढे 42 दाते आणि मागे 14 असतील तर त्या 85 चे चाकापर्यंत 28 च पोचतात. पुढे-मागे दोन्हीकडे 34 असतील तर पूर्ण 85. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे चार्ट बघितले की डोकं फिरतं.

वॅटवरून काही ठरवू नका. मोटर 250 वॅटच्या आत आणि स्पीड 25 च्या आत असेल तरच लायसन्स-रजिस्ट्रेशनची कटकट नाही, म्हणून जिथे तिथे 250 च लिहिलेलं.

मिड-ड्राइव्ह महाग, चेन आणि मागचे दाते लवकर खाते, आणि गियर बदलताना पेडलवरचा जोर कमी केला नाही तर खडाखड वाजते. त्यामुळे मिरामार-दोनापावल किंवा रायबंदरच्या बांधावरून सपाट ये-जा करणाऱ्याने तिच्यावर पैसे घालवू नयेत, चांगली गियरवाली हब (मोटरच्या आतच छोटे गियर असलेली) घ्यावी, फक्त एक्सलमधून निघणारी वायर आधी खाली लोंबून मग वर गेलीय ना ते बघावं, नाहीतर आपल्या पावसात पाणी वायरवरून सरळ मोटरमध्ये उतरतं. पर्वरीच्या पठारावर राहून रोज पणजीला उतरणाऱ्याने मात्र मिड-ड्राइव्हच घ्यावी, याबाबतीत मी ऐकून घेणार नाही.

टेस्ट राइड दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. चढणीवर न्या, मध्येच थांबा, तिथूनच परत सुरू करा, आणि वर पोचल्यावर हबला जपून हात लावून बघा किती तापलाय ते. दुकानदार चढणीवर न्यायला नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.