संतुलित आहार : प्रथिने, कर्बोदके व स्निग्ध पदार्थांचे प्रमाण

शरीराला लागणारी ऊर्जा प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ या तिन्ही घटकांतून योग्य प्रमाणात मिळते आणि त्याबरोबर जीवनसत्त्वे, खनिजे, तंतू व पाणी यांचीही उणीव राहत नाही, अशा आहाराला संतुलित आहार म्हणतात. हे प्रमाण वय, वजन, श्रम, गरोदरपण, आजारपण यांनुसार बदलते. प्रस्तुत नोंदीत भर आहे तो धान्य आणि डाळ यांवर उभ्या असलेल्या भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील जेवणावर.

घटक व ऊर्जा : एक ग्रॅम प्रथिनांतून किंवा कर्बोदकांतून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून ९. आजही जगभर वापरले जाणारे हे आकडे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रयोगांवर आधारलेले आहेत. कर्बोदके हे रोजच्या हालचालीचे आणि मेंदूचे मुख्य इंधन. स्निग्ध पदार्थ ऊर्जा साठवतात, पेशींची आवरणे घडवतात आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यास मदत करतात. प्रथिनांचे खरे काम स्नायू, विकरे, प्रतिपिंडे यांची बांधणी आणि डागडुजी हे आहे. मात्र जेवण अपुरे पडले की शरीर हीच प्रथिने इंधन म्हणून जाळू लागते आणि बांधणीचे काम मागे पडते.

हा शेवटचा मुद्दा भारतात एका मोठ्या वादाच्या केंद्रस्थानी होता. १९६० च्या सुमारास गरीब देशांतील कुपोषण म्हणजे मुख्यतः प्रथिनांची तूट, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मानत आणि उपाय म्हणून प्रथिनयुक्त पूरक अन्ने पुढे करत. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांनी या समजाला आव्हान दिले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. माणूस पोटभर डाळ-धान्य खात असेल, तर त्यातूनच बहुतेकांची प्रथिनांची गरज भागते; खरी तूट एकूण अन्नाची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन हेही याच निष्कर्षाला आले होते.

धान्य आणि डाळ : प्रथिने ॲमिनो आम्लांची बनलेली असतात; त्यांपैकी आवश्यक ॲमिनो आम्ले नऊ आहेत आणि ती अन्नातूनच घ्यावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांत लायसीन कमी असते; डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते, पण मेथिओनीन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी, वरणफळं, पुरणपोळी, थालिपीठाची भाजणी हे सगळे पदार्थ याच जोडीवर उभे आहेत. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असे मात्र नाही. दिवसभरात पोटात गेली तरी पुरते.

शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचे निकष पाहिले की ही जोडी आकड्यांत कशी बसते ते कळते. प्राथमिक वर्गातील मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल ठरवलेले आहे. तांदळातून साधारण ३५० किलोकॅलरी व साडेसात ग्रॅम प्रथिने, डाळीतून ७० किलोकॅलरी व साडेचार ग्रॅम प्रथिने, तेलातून ४५ किलोकॅलरी मिळतात. खिचडीच्या त्या एका ताटलीत ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हे सरकारी उद्दिष्ट गाठले जाते. अट एकच, डाळ ठरल्याइतकी पडली पाहिजे.

घरच्या जेवणातही नेमके इथेच गणित चुकते. जोडी बरोबर असते, मात्रा कमी पडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ६० किलोच्या व्यक्तीला म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. चौघांच्या आमटीला ८० ग्रॅम तूरडाळ शिजवली, तर माणशी २० ग्रॅम डाळ येते आणि तिच्यातून जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिने. पाणी वाढवून आमटी पुरवली की वाटी भरलेली दिसते, प्रथिने तेवढीच राहतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २,००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे. ही वजने कच्च्या जिनसांची आहेत. स्वयंपाकघरात लक्षात ठेवायचे ते इतकेच : कोरडे मोजल्यास तीन भाग धान्याला एक भाग डाळ. चौघांच्या घरात ही डाळ दिवसाला ३४० ग्रॅम होते, आणि ती एकट्या आमटीतून येणे नाही. मटकी-मुगाची उसळ, पिठलं, डाळ घालून केलेली पालेभाजी, मुगाची धिरडी यांची रोज भर लागते. अंडी, मासे, मांस खाणाऱ्यांना डाळीचा काही भाग त्यांनी भरून काढता येतो. कोकणातल्या जेवणात मासळी हेच काम करते.

ऊर्जेची वाटणी : याच तत्त्वांनुसार धान्यांतून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नये, डाळी आणि मांसाहारातून १५ टक्क्यांपर्यंत यावी व सर्व स्निग्ध पदार्थांतून ३० टक्क्यांहून जास्त नको. प्रत्यक्षात भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत आढळले. त्यातही पॉलिश केलेला तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांचा वाटा मोठा. सुखात्म्यांच्या काळी पोट भरत नव्हते; आज अनेकांचे पोट भरते, पण ते एकाच घटकाने.

भारतीयांच्या बाबतीत या असमतोलाची किंमत अधिक मोजावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजन आटोक्यात दिसणाऱ्या भारतीय शरीरातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. त्यामुळे वजनकाट्यावर समाधान न मानता ताटातली प्रथिने आणि व्यायाम या दोन्हींकडे पाहणे गरजेचे ठरते.

स्निग्ध पदार्थ : दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून सुमारे साडेतीन लिटर, फोडणी, तळण, पोळीवरचे तूप सारे त्यातच. तेल पूर्ण बंद करणे हाही तोल नव्हे, कारण लिनोलिक व अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले शरीराला तयार करता येत नाहीत. पहिले शेंगदाणा, करडई, कारळे यांत मिळते. दुसऱ्याचा जवस हा उत्तम स्रोत आहे. विदर्भ-मराठवाड्यात भाकरीसोबत खाल्ली जाणारी जवसाची चटणी म्हणूनच मोलाची. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल टाळावे.

उपवासाचे पदार्थ : साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, खिचडीतली प्रथिने येतात ती दाण्याच्या कुटातून, आणि कुटातील निम्म्याच्या आसपास वजन तेलाचे असते. राजगिरा, दूध, ताक, दही यांची जोड दिल्यास उपवासाचे ताट बरेच सावरते.

अपवाद : मूत्रपिंडाचा जुनाट विकार असल्यास प्रथिने मोजून द्यावी लागतात. गरोदर व स्तनदा माता आणि वाढती मुले यांची गरज अधिक असते. वयस्क माणसांचे स्नायू झिजत असतात आणि भूकही मंदावलेली असते, त्यामुळे त्यांना दर जेवणात प्रथिनांचा पदार्थ मिळेल असे पाहावे. कर्बोदके जवळपास वगळणारा कीटोजनिक आहार १९२१ पासून अपस्माराच्या उपचारात वापरला जातो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तो डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये, कारण औषधाची मात्रा तीच राहिल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.